स्वतःहून कोरा होणारा डबा

नोएलीन प्रॉबर्टबाईंबद्दल सांगायचं तर पहिली गोष्ट ही, की बाई चिडक्या आहेत. चहा गार झाला तर चिडतात, स्क्रू जागेवर नसला तर चिडतात, आणि कोणी "जाऊ द्या हो" म्हणालं तर सगळ्यात जास्त चिडतात. बावीस वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात खांबांवर चढून तारा जोडल्या. ते काम संपलं तेव्हा वय सेहेचाळीस. त्या वयात आमच्या लाँगरीचमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या या रानातल्या गावात, लोक गुडघ्यांबद्दल बोलायला लागतात. बाई प्रोग्रॅम लिहायला शिकल्या. पुस्तकं मागवली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून शिकल्या, आणि नवऱ्याला सांगितलं की तीन महिने जेवण तू कर. त्याने केलं. दुसरं काय करणार होता बिचारा?

टायरच्या दुकानामागे आमचं वर्कशॉप आहे. आम्ही चौघंजण गुरांच्या पाण्याच्या टाक्यांवर बसवायचे डबे बनवतो. डबा टाकीत किती पाणी उरलंय ते मोजतो आणि तासातासाला उपग्रहामार्फत निरोप पाठवतो. पाणी ठरावीक पातळीच्या खाली गेलं की मालकाच्या फोनवर घंटा वाजते. पूर्वी या कामाला माणूस लागायचा. आठवड्यातून दोनदा पहाटे गाडी काढायची, दीडदोनशे किलोमीटरचा फेरा मारायचा, प्रत्येक बोअरचा पंप, टाकी, हौद बघून यायचं. आता ते काम डबा करतो. मी, ब्रेन्टन, डबे बसवतो आणि बिघडलेले काढून आणतो. त्यांना अक्कल देण्याचं काम बाईंचं.

तर गेल्या नोव्हेंबरात कूलिंडा नावाच्या गुरांच्या रानात सात नंबरच्या टाकीवर त्रेसष्ट गाई मेल्या. वासरं वेगळीच. पंप अडकला, टाकी आटली, आणि घंटा वाजलीच नाही. मालकाच्या फोनवर शेवटपर्यंत हिरवा ठिपका. सेहेचाळीस डिग्रीत गुरं चार दिवसांवर तग धरत नाहीत. मी डबा काढायला गेलो तेव्हा रुमाल नाकाला बांधला होता. परत येताना दोनदा गाडी थांबवावी लागली. त्यापेक्षा जास्त सांगत नाही.

डबा चालू होता, अगदी ठणठणीत. फक्त आतून कोरा होता. त्याच्या पोटात एक फ्लॅश मेमरीची चिप असते. पाणी कितीवर आलं की ओरडायचं, आतापर्यंत काय काय मोजलं, सगळं तिच्यात ठेवलेलं असतं. ते सगळं पुसलं गेलं होतं. घंटेची पातळी शून्य. म्हणजे टाकीचा तळ उघडा पडला तरी डबा आपला खुशाल.

डब्याच्या बाजूला रबरी झाकणाखाली एक बटण आहे. ते दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरलं की सगळं पुसलं जातं. आणि घटनेच्या आधी त्या टाकीवर गेलेला एकच माणूस होता, डेस फ्लॅव्हेल.

डेस बहात्तर वर्षांचा. कूलिंडाच्या बोअरांचा फेरा त्याने एकतीस वर्षं मारला. डबे आल्यावर मालकाने त्याला काढलं नाही. काकाकुव्यांनी सोलर पॅनलवर केलेली घाण पुसायला आठवड्यातून एकदा जा म्हणाला. डेस त्याला "माझी भांडी घासायची नोकरी" म्हणायचा आणि हसायचा.

आमच्याकडे निरोपांची यादी असते. सात नंबरच्या डब्याने मंगळवारी पहाटे पाच बावन्नला 'निरोप क्रमांक एक' पाठवला होता, आणि डबा कोरा झाला की निरोपांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, म्हणजे त्याच वेळी तो कोरा झाला होता. आणि डेस कधी जायचा? पहाटे. उन्हाच्या आधी, एकतीस वर्षं. त्या आठवड्यात रविवारी गेला का मंगळवारी, हे त्याला छातीठोकपणे सांगता येईना. वहीत लिहायची सवय नव्हती. मालक म्हणाला, म्हातारा हळूहळू सटकायला लागलाय. आमचे साहेब लिंडन म्हणाले, "वापरणारा नेहमी हेच म्हणतो, मी काही दाबलं नाही."

आमच्या तक्रारीच्या फॉर्मवर कारणांचे चार चौकोन होते. बॅटरी गेली. पाणी शिरलं. जनावराने तोडलं. वापरणाऱ्याने पुसलं. 'अजून कळलेलं नाही' असा चौकोनच नव्हता. लिंडनसाहेबांना न कळलेल्या गोष्टी आवडत नाहीत. चौथ्या चौकोनात खूण मी केली. खाली सही बाईंनी केली. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर सगळ्यांनी सगळं खापर बाईंवर फोडलं, आणि बाईंनीही ते गपचूप डोक्यावर घेतलं.

डिसेंबरात डेसचा वर्कशॉपमध्ये फोन आला होता. बाईंनी स्पीकर लावला होता, हातात सोल्डरिंग आयर्न होतं म्हणून.

"पोरी, मी ते बटण नाही दाबलं. कशाला दाबेन? मला त्या डब्याची भीती वाटते. मी फडकं मारतो आणि निघतो."

"हो डेस."

"तुझ्या त्या डब्याच्या पोटात बघ ना एकदा. काहीतरी असेल."

"बघते हं."

बाईंनी बघितलं नाही. नाताळ होता, तीस नवे डबे द्यायचे होते. शिवाय टेबलावर त्यांनी तसला डबा पाच हजार वेळा बंद-चालू करून बघितला होता आणि एकदाही काही झालं नव्हतं. जानेवारीत कळलं की डेसची मुलगी केरिलीन त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली, त्याने गाडीचं लायसन्स परत केलं, आणि त्याला गावातल्या वृद्धाश्रमात ठेवलं.

फेब्रुवारीच्या शेवटी उत्तरेकडचा एक डबा कोरा झाला. या वेळी कोणी मेलं नाही, टाकी भरलेली होती. लिंडनसाहेबांनी फॉर्म पुढे केला. "चौथा चौकोन. सही करा आणि मोकळ्या व्हा."

बाईंनी फॉर्म हातात घेतला आणि टाकीचं नाव वाचलं. मग मला हाक मारली.

"ब्रेन्टन, या टाकीकडे जायचा रस्ता कसा आहे?"

"रस्ता कुठला, बाई? तीन आठवडे पाण्याखाली आहे. बदकं जात असतील तेवढीच."

"मग बटण कोणी दाबलं? बदकांनी?"

त्या बसल्या. मला आठवतंय, साडेदहाच्या चहाला आम्ही बाहेर बाकावर बसलो आणि बाई आल्याच नाहीत. त्यांचा गोमांसाचा सँडविच मी खाल्ला, तेही त्यांना कळलं नाही. आमच्या दोनशे चाळीस डब्यांच्या पाच वर्षांच्या निरोपांत त्या एकच गोष्ट शोधत होत्या: चालू असलेल्या डब्याने मध्येच पुन्हा 'निरोप क्रमांक एक' कधी पाठवला. अकरा सापडले. अकराच्या अकरा पहाटेचे. सूर्य वर आल्यापासून अर्ध्या तासाच्या आतले. त्यातल्या तीन ठिकाणी त्या दिवशी माणूस पोचणं शक्यच नव्हतं.

"पहाटे असं काय होतं?" बाई मला विचारत नव्हत्या, भिंतीला विचारत होत्या. मी तरी उत्तर दिलं.

"पहाटे मी उठतो, बाई. आणि धड कशाचंच उत्तर देऊ शकत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शिव्या खायच्या तयारीने चहाचा कप खाली ठेवला. त्या उठल्या आणि कपाटातून जुना, मोठ्या बटणाचा वीजपुरवठा काढला. आमचा नवा वीजपुरवठा खटकन चालू होतो, खटकन बंद. त्याच्यावरच त्या पाच हजार चाचण्या झाल्या होत्या. पण रानात असं होत नाही. बॅटरी म्हातारी झालेली असते, रात्रीत संपते, डबा झोपतो. पहाटे पॅनलवर ऊन यायला लागतं, अगदी थोडं थोडं, आणि व्होल्टेज मुंगीच्या पावलांनी वर चढतं.

बाईंनी डबा जोडला आणि वीजपुरवठ्याचं ते मोठं बटण बोटाने हळूहळू फिरवायला लागल्या. त्याआधी त्यांनी प्रोग्रॅममध्ये एक बदल केला होता. चिप उघडली नाही तर पुसायचं नाही, थांबायचं आणि पडद्यावर तसं लिहायचं. चिपमधली कोठी उघडून वापरायला घेण्याला आमच्या धंद्यात माउंट करणं म्हणतात. सकाळी डबा जागा झाला की त्याचं पहिलं काम ते.

बटण फिरत होतं. डब्याचा दिवा लागला. पडद्यावर अक्षरं आली: माउंट झालं नाही.

"हं," बाई म्हणाल्या.

पुन्हा केलं. माउंट झालं नाही. वीस वेळा केलं, चौदा वेळा तेच. मग त्यांनी अर्धा सेकंद थांबून पुन्हा विचारायला लावलं. माउंट झालं. सगळं जागच्या जागी. घंटेची पातळी, नोंदी, तारखा, एक आकडासुद्धा हललेला नव्हता.

मला उशिरा समजतं, म्हणून बाईंनी समजावून सांगितलं. डब्याचा मेंदू कमी विजेवर जागा होतो. चिपला जास्त वीज लागते, ती मागून जागी होते. मेंदू डोळे उघडल्या उघडल्या चिपला विचारतो, काय आहे तुझ्याकडे? ती अजून झोपेतच असते. काहीतरी बरळते. मेंदूला वाटतं, हिचं डोकं गेलं.

"आणि मग?"

"आणि मग तो तिला पुसून टाकतो."

"असं कोणी सांगितलं त्याला?"

बाईंनी चष्मा काढला. "मी."

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा चिप उघडली नाही की डबा तिथेच अडकून बसायचा. मग मालकांचे सकाळी सकाळी फोन, मग माझा चारशे किलोमीटरचा फेरा. बाईंनी एक ओळ बदलली. माउंट झालं नाही तर सगळं पुसून नव्याने सुरू कर. फोन थांबले. माझे फेरे थांबले. लिंडनसाहेबांनी केक आणला होता, मी दोन तुकडे खाल्ले होते. डबे आता आपले आपण बरे होतात, असं आम्ही गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचो. पुसल्यावर घंटेची पातळी शून्य होते, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आणि पुसल्यामुळे कशामुळे पुसलं याची नोंदही पुसली जाते, हे तर नाहीच नाही.

"काही बिघडलंच नव्हतं, ब्रेन्टन," बाई म्हणाल्या. "अकराही डब्यांत काहीसुद्धा बिघडलं नव्हतं. जरा थांबायचं होतं. मी थांबले नाही." आणि त्या रडायला लागल्या. बारा वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मी जाऊन किटली लावली.

लिंडनसाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, छान, नवा प्रोग्रॅम उपग्रहावरून सगळ्या डब्यांत पाठवून द्या आणि विषय संपवा.

"डेसचं काय?" बाईंनी विचारलं.

"त्याचं काय? तो आता मजेत आहे. गार हवेत बसलाय. कशाला जुनं उकरून काढायचं?"

"जुनं? अहो, त्याची गाडी गेली, घर गेलं. लोक त्याला वेडा म्हणतात. मी सही केली म्हणून."

"नोएलीन, जाऊ द्या ना—"

इथे साहेबांची चूक झाली. पुढे काय काय बोलणं झालं ते टायरच्या दुकानात ऐकू गेलं, त्यामुळे गावालाही माहीत आहे. दुपारपर्यंत पत्र तयार होतं, कंपनीच्या कागदावर, साहेबांच्या सहीचं. कूलिंडाच्या सात नंबरच्या डब्याचं बटण कोणीही दाबलेलं नाही, चूक आमच्या प्रोग्रॅमची आहे. एक प्रत मालकाला गेली. त्याने फोनवर बाईंना जे सुनावलं ते त्यांनी शब्द न बोलता ऐकलं. एक प्रत केरिलीनला. आणि एक घेऊन आम्ही दोघं डेसकडे निघालो.

गाडीत बाई मध्येच म्हणाल्या, "त्याने फोन केला होता. पोटात बघ म्हणाला होता. मी बघते म्हणाले." मी रस्त्याकडे बघत राहिलो. मीही तिथेच उभा होतो.

डेस व्हरांड्यात बसला होता, इस्त्रीच्या शर्टात. मी त्याला कधी इस्त्रीच्या शर्टात बघितलं नव्हतं. हात स्वच्छ, नखं कापलेली. आम्हाला बघून त्याला खराच आनंद झाला.

"अरे वा, डबेवाले! बसा. इथला चहा म्हणजे गरम पाण्याला चहाची नुसती धमकी दिलेली असते, पण प्या."

बाईंनी चहा येऊ दिला नाही. पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. मग तोंडाने सांगितलं, साधं, काही न लपवता. "ती ओळ मी लिहिली होती. तुम्ही फोन केलात तेव्हा मी बघितलं नाही. तुमचं काही चुकलं नाही, डेस. मला माफ करा."

डेस लक्ष देऊन ऐकत होता. त्याचं डोकं चालत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी तेव्हा यायला हवं होतं.

"किती डबे असे निघाले?"

"अकरा."

"आणि जवळपास माणूसच नव्हता असे?"

"तीन. पक्के."

"उजाडताना होतं म्हणतेस."

"हो. बॅटरी जुनी असली की."

"मी उजाडतानाच जायचो."

"माहीत आहे. त्यामुळेच सगळे फसले."

डेसने पत्र हातात घेतलं. दोनदा वाचलं. ओठ हलत होते. मला वाटलं, आता शिव्या घालेल, किंवा हसेल, मुलीला फोन लाव म्हणेल. मी खिशातला फोन चाचपूनसुद्धा ठेवला होता.

"पोरी," तो म्हणाला, "मग मला आठवतं ते काय आहे?"

"काय आठवतं?"

"बटण. रबराचं झाकण वर केलं. अंगठा ठेवला. दहापर्यंत मोजलं. झाकणाखाली लाल धूळ होती, ती नखात गेली." त्याने अंगठा वर करून दाखवला. "आधी नव्हतं आठवत. मालक विचारायचा, केरिलीन विचारायची, डॉक्टर विचारायचे. बाबा, नीट आठवा. बाबा, नीट आठवा. मग एक दिवस आठवलं. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तेव्हापासून रोज आठवतं."

"डेस, ते झालंच नाही." बाई खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या. "मी शपथेवर सांगते. माझ्याकडे पुरावा आहे."

"हो, हो. कागद खरा आहे, कळतंय मला. तू खोटं बोलणार नाहीस." त्याने कागदाची घडी केली आणि गुडघ्यावर ठेवून हाताने सपाट करत राहिला. "पण मला आठवतंय ना."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्याकडे! मला काय विचारता?

"मग आणखी काय काय असेल," डेस म्हणाला, "जे झालंच नाही, आणि मी आपलं झालं म्हणून धरून बसलोय?"

आत कोणीतरी टीव्ही लावला होता, त्यावर क्रिकेट चाललं होतं.

"माझी बायको, व्हॅल. गेली तेव्हा तिने माझा हात धरला होता आणि म्हणाली, डेस, तुझ्याबरोबर बरं गेलं रे सगळं." तो बाईंकडे वळला. डोळे कोरडे होते, पण घाबरलेले. आयुष्यभर एकटा रानात हिंडलेल्या माणसाला मी असं घाबरलेलं पहिल्यांदाच बघितलं. "हे तरी झालं होतं ना? तू तेव्हा तिथे होतीस का गं?"

बाईंनी त्याचा हात हातात घेतला.

"नाही, डेस," त्या म्हणाल्या. "मी नव्हते तिथे."